स्टार्ट दाबलं की येणारा वास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींतली बाई नाही. आमच्या मराठवाड्यात भानामतीचं नाव काढलं की चांगली शिकलेली माणसंसुद्धा आवाज खाली करतात, आणि ते मला लहानपणापासून डोक्यात जातं. माझ्या एका आत्याच्या अंगात यायचं. मी आठवीत असताना तिच्या डोक्यावर गार पाण्याची कळशी ओतली, तेव्हा अंगातलं जे काही होतं ते मला शिव्या घालत लगेच उतरलं. आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते, तेही हसायला. आज स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही हसा... फक्त शेवटपर्यंत वाचून मग.

मी परभणीत राहते. शाळा, दवाखाने, लहानमोठी कार्यालयं यांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. जिंतूर, पाथरी, पूर्णा, जिकडून फोन येईल तिकडं जायचं. सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांत मला एवढंच कळलंय की यंत्रं फारशी खराब होत नाहीत, माणसं घाण असतात. कीबोर्ड उलटा करून आपटला की सुपारीचा चुरा पडतो, नखं पडतात, शेंगदाण्याची टरफलं पडतात. एका ठिकाणी माऊसच्या पोटात वाळलेलं वरण निघालं होतं. वरण! माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी स्पिरिटची बाटली आणि हातमोजे असतात. सासूबाई म्हणतात, "हिला कॉम्प्युटर पण सोवळ्यातला पाहिजे."

हा प्रकार घडला जिंतूरच्या एका शिक्षण संस्थेत. नाव सांगणार नाही. संस्थेचा सर्व्हर ज्या खोलीत होता ती पूर्वीची अडगळीची खोली, मुतारीच्या भिंतीला लागून. भिंतीला ओल, एसीचं पाणी रंगाच्या जुन्या बादलीत, आणि कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर. मी दर वेळी जाताना रुमाल बांधून जायची आणि तिथले लोक "मॅडमला आमचा वास येतो" म्हणून हसायचे. येतोच की.

ज्यांना सर्व्हरमधलं कळत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एकच दणकट कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्याच्या पोटात दोन-चार कॉम्प्युटर आहेत असं मानून ते चालवायचे. मोठ्या खोलीत फळ्या ठोकून वेगळ्या खोल्या कराव्यात तसं. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला त्या नसतात, पण काम खरं करतात. इथं अशा दोन मशीन होत्या. एक परीक्षेची, आणि दुसरी 'दप्तर'. दप्तरमध्ये शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद, दाखले, शिक्षकांच्या नोकरीच्या नोंदी, सगळं.

आणि दप्तर सांभाळायचे रेवणअप्पा. संस्थेचे मुख्य कारकून, वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. लिंगायत माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत इष्टलिंग. त्या अख्ख्या इमारतीत एकट्या अप्पांचं टेबल असं होतं की ज्यावर मी हातमोज्याशिवाय हात ठेवायची. रोज सकाळी स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचे. मला ताई म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची.

आता चूक कशी झाली ते ऐका. ती अशीच्या अशी सांगायला मला नऊ दिवस लागले होते, म्हणून नीट सांगते.

मंगळवारची सकाळ. दप्तरच्या डिस्कच्या दोन फायली होत्या — एक मूळ आणि एक तिच्यावर साचलेल्या नव्या बदलांची. त्या एकत्र करायचं काम मी घरूनच लावून दिलं होतं. हे चालू असताना मशीन हळू चालते, आणि ती मध्येच तोडायची नसते. शाळेत कुणालाही न सांगता मी हे कामाच्या वेळेत लावलं, कारण संध्याकाळी मला एका बारशाला जायचं होतं. मग मी पाथरीला गेले, आणि तिथल्या एका दवाखान्यात टेबलाखाली वाकून वायरींचा गुंता सोडवत असताना अप्पांचा फोन आला.

"ताई, दप्तर लय हळू चालायलंय. पोरं दाखल्यासाठी उभी हायेत."

मला कारण माहीत होतं. पण ते समजावत बसायचा कंटाळा आला. महिन्यापूर्वीच मी अप्पांना मशीनची मेमरी कशी वाढवायची ते दाखवलं होतं — एका चौकटीतला आकडा मोठा करायचा, बस. ते केलं तर थोडा फरक पडेल आणि फोन तरी बंद होईल, असा माझा हिशेब.

"अप्पा, मशीन थोडी वाढवा."

"आत्ता? ऐन कामाच्या येळंला?"

"हो, आत्ताच."

"मास्तर लोकं आतमधी काम करायलेत की."

"करू द्या. काही होत नाही. तुम्ही वाढवा."

"बरं... तुमी मनता तर वाढवतो."

झालं. एवढंच बोलणं.

अप्पांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. अप्पा लहानपणापासून त्या गल्ल्यामागं बसलेले. दुकानदाराच्या घरात संध्याकाळी दुकान कधी 'बंद' करत नाहीत. दुकान वाढवतात. बंद हा शब्दच वाईट. बांगड्या फुटत नाहीत, वाढतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी काय विलायतेत वाढले का? पण कॉम्प्युटरच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही. अप्पांच्या डोक्यात मात्र दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. मशीन वाढवा म्हणजे मशीन बंद करा. त्यांनी चार जण काम करत असलेली, पोटात अर्धवट काम चालू असलेली मशीन जागच्या जागी बंद केली.

पुन्हा चालू करायला गेले तर दप्तर उठेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी जिंतूरला गेले. नोंदवहीत — सर्व्हर स्वतःची एक नोंदवही ठेवतो, कोणी कधी काय केलं याची — स्पष्ट दिसत होतं: दहा पन्नासला मशीन हातानं बंद केली. ते वाचलं आणि 'वाढवतो' हा अप्पांचा आवाज कानात आला. त्या घाणेरड्या खोलीत मी स्टुलावर बसून राहिले. सगळं कळलं होतं मला, तिथंच, त्या मिनिटाला.

बॅकअप? बॅकअपची डिस्क संस्थेनं कॅमेऱ्याच्या चित्रीकरणासाठी परस्पर काढून घेतली होती.

मी स्टार्ट दाबलं. आणि वास आला.

वासाचं वर्णन करायचं म्हणजे... सरकीची पेंड भिजवून चार दिवस झाकून ठेवली, त्यात काहीतरी मरून पडलं, आणि वरून गोडसर. गोडसर हेच जास्त वाईट होतं. घशाला चिकटायचा. दहा-बारा सेकंद. मग पडद्यावर चूक आली की मूळ फाइल आणि तिच्यापासून झालेली फाइल एकमेकींशी जुळत नाहीत. आमच्या भाषेत, आई लेकीला ओळखेना. चूक आली आणि वास गेला.

मी शिपायाला बोलावलं. शोधाशोध झाली. यूपीएसच्या मागं मेलेली घूस निघाली, आठवड्याची तरी असेल, तिच्यात काय काय वळवळत होतं ते लिहीत नाही. मी बाहेर जाऊन उलटी केली. फिनाईल ओतलं, उदबत्त्या लावल्या. वासाचं कारण सापडलं म्हणून मी खूश. असंच असतं, कारण सापडतंच, यावर माझा विश्वास.

पुन्हा स्टार्ट दाबलं. पुन्हा तोच वास. फिनाईलच्या वरून.

तेवढ्यात सचिव आले. हे संस्थेचे सर्वेसर्वा. तोंडात कायम गुटखा, त्यामुळे बोलताना मान वर करून बोलतात, आणि बोलणं झालं की कुंडीत थुंकतात. त्या कुंडीत कधीकाळी मनीप्लांट होता.

"म्हाताऱ्यानं मुद्दाम केलंय मॅडम. कालच घरी बसवलाय त्याला. चौकशी लावली."

मला माहीत होतं की महिन्यापूर्वी अप्पांनी यांच्या कुणा पाहुण्याच्या दाखल्यावर जन्मतारीख बदलायला नकार दिला होता. ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं.

"तुमी फक्त रिपोर्ट द्या. मशीन हातानं बंद केली, एवढं लिवा. जास्ती काय लिवू नका. तुमचं काम आपल्याकडं चालूच ऱ्हाईल."

आणि मी लिहिलं. 'मशीन वापरकर्त्याने कार्यालयीन वेळेत हाताने बंद केल्याचे आढळले.' एकही शब्द खोटा नाही. असं खरं लिहिण्यासारखं ओंगळ दुसरं काही नसेल. सही केली आणि बाहेर येऊन नळावर साबणानं हात धुतले, नेहमीसारखे. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं मी पुढे स्वतःला रोज ऐकवत होते.

पण दप्तर उठवायचं होतं. ते उठलं की प्रकरण आपोआप मिटेल, अप्पा कामावर येतील आणि मला काही बोलायची गरज पडणार नाही. खरं सांगते, मी त्या मशीनमागं लागले ते अप्पांसाठी नाही, स्वतःची सुटका करून घ्यायला.

गुरुवारी परभणीला घरीच बसून मी जिंतूरच्या सर्व्हरला जोडून घेतलं. म्हणजे सर्व्हर तिकडं, मी इकडं, पडदा फक्त माझ्या लॅपटॉपवर. दुपारचे साडेबारा. जेवणाचं टेबल स्वच्छ पुसलेलं. सासूबाई आत वरणाला फोडणी देत होत्या. एक फाइल बदलून पाहिली आणि स्टार्ट दाबलं.

वास आला. माझ्या घरात.

मी दचकून उठले. टेबलाखाली पाहिलं, बेसिनमध्ये पाहिलं, कचऱ्याचा डबा उघडून नाक घातलं. आतून सासूबाई ओरडल्या, "काय मेलंय गं? फोडणीवरून वास यायलाय!" आणि तोवर पडद्यावर चूक आली आणि वास गेला. त्या झारा घेऊन बाहेर आल्या, तर काही नाही.

मला वाटलं, कपड्यांना लागून आला असेल. अंघोळ केली. लॅपटॉप स्पिरिटनं पुसला. पुन्हा बसले. पुन्हा तेच. परीक्षेची मशीन चालू-बंद करून पाहिली, काही नाही. दप्तरचं स्टार्ट दाबलं की वास. त्या दिवशी मी वेगवेगळे उपाय करत अकरा वेळा स्टार्ट दाबलं. अकरा हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही, नोंदवहीत आहे. शेवटी सासूबाईंनी वरण ओतून दिलं आणि त्या न जेवता झोपल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्यात काहीतरी सडायलंय. बाहेर नेऊन बस."

शुक्रवार, शनिवार मी गच्चीवर बसून काम केलं. उघड्या हवेत. तिथंही तेच. रविवारी हात लावला नाही. सोमवारी पुन्हा पाच-सहा वेळा. मला अन्न जाईना. मी डॉक्टरला नाक दाखवलं. त्यांनी सर्दीची गोळी दिली.

पुढच्या बुधवारी मी अप्पांच्या घरी गेले. कारण काढलं होतं — कागदी रजिस्टरं कोणत्या कपाटात आहेत ते विचारायचं. खरं कारण, चौकशीत अप्पांनी माझं नाव घेतलंय का ते बघायचं. अशी मी त्या घराची पायरी चढले.

जिंतूरच्या जुन्या भागात दोन खोल्यांचं घर. अंगणात बेलाचं झाड, ओटा लादीचा, आणि इतका घासलेला की त्यावर जेवून घ्यावं. गिरिजाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, दार उघडलं आणि मला बघून त्यांना रडूच आलं.

"बरं झालं आलाव ताई. तुमी तरी समजावून सांगा त्यांला. येडं लागल्यावानी करायलेत. दिवसातून चार-चार येळा अंघोळ. हात तर धुवून धुवून सोललेत."

अप्पा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. कपाळ मोकळं. मी त्यांना भस्माशिवाय कधी पाहिलं नव्हतं, एकदम आजारी माणसासारखे दिसले. डावा हात त्यांनी उशीखाली घातलेला.

"या ताई. बसा... जरा लांब बसा."

"का हो अप्पा?"

काकूच म्हणाल्या, "मनतेत, हाताला घाण येती. मला पण आली की. पहिल्यांदा मला वाटलं, पाल-बिल मेली आसंल. पण न्हाई. ह्यांच्या डाव्या तळहाताची. येती आन् जाती. बुधवारपसून लिंगाला हात लावीना गेलेत. जल्मात कधी पूजा चुकली न्हवती."

लिंगायतांची पूजा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तिथंच पूजा करतात. तो हात म्हणजेच देवघर.

अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमच्यात सुतक-ईटाळ काय मानत न्हाईत ताई. माझी आई गेली, तिचा देह समोर बसवून ठिवलेला आसताना मी पूजा केली. पण ज्या हाताला असली घाण यायली, त्या हातावर लिंग कसं ठिवावं, सांगा. मी इचार करायलाव, माझ्या हातून आसं काय पाप झालं? त्या हातानंच मी मशीन वाढवली का, मनून? पण माऊस तर उजव्या हातात आसतो."

मी काकूंकडं वळले.

"काकू, वास कधी कधी येतो? काही वेळ ठरलेली?"

"वेळ कुठली! दुपारच्याला जास्ती. ऐतवारी अजिबात न्हाई आला, आमाला वाटलं सुटलो. आन् गुरवारी तर कहर. मोजून अकरा येळा हात धुतले त्यांनी. मी मनलं, आता कातडं निघंल."

अकरा.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. हे कुणालाही सांगितलं तर मला येड्यात काढतील हे माहीत असताना काढला. मोबाईलचं नेट जोडलं. अप्पांना म्हटलं, "तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा. मी काय करते ते बघू नका. वास आला की फक्त 'आला' म्हणा."

ते मुकाट्यानं वळून बसले. काकू दारात उभ्या. मी मुद्दाम बराच वेळ नुसती बसून राहिले. काही नाही. घरात कापराचा आणि धुतलेल्या लादीचा वास, बाहेर कुणीतरी म्हैस हाकत नेत होतं. मग आवाज न करता स्टार्ट दाबलं.

"आला," अप्पा म्हणाले.

आला. मलाही आला, पण या वेळी तो खोलीभर नव्हता, एका जागेवरून येत होता. मी उठले, त्यांच्याजवळ गेले, त्यांचा डावा हात धरला आणि नाकाशी नेला. मी, जी लोकांच्या माऊसला हातमोज्याशिवाय शिवत नाही. हात कोरडा, स्वच्छ, धुऊन धुऊन पांढरा पडलेला, बोटांच्या बेचक्यांत कातडं उललेलं. आणि त्यातून ती घाण उसळत होती, उघड्या गटाराच्या तोंडाशी वाकल्यासारखी. माझे डोळे वाहायला लागले. मागं लॅपटॉपवर चूक आल्याचा आवाज झाला, टिंग. वास गेला. हातात नुसता साबणाचा वास राहिला.

मी परत एकदा केलं. परत तेच. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं. "बास आता. त्यांला तरास व्हायलाय."

मग मी खाली लादीवर बसले आणि अप्पांना म्हटलं, "चौकशीत तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं की, माझ्या हातून बंद पडली."

"मी सांगितलं होतं, हे नाही सांगितलं?"

"सांगून काय करावं? तुमी मेमरीचं मनला आसताल, ते मला घरी आल्यावर ध्यानात आलं. ऐकण्यात चूक माझी. लेकीबाळीचं नाव खामखा चौकशीत कशाला घ्यावं? चार ठिकाणी तुमचं काम चालतंय."

मला त्या वेळी जी स्वतःची किळस आली ती आजपर्यंत कशाचीच आलेली नाही. घुशीची नाही, कुंडीची नाही. या माणसानं मला झाकलं होतं आणि मी त्याच्या विरुद्धचा कागद सही करून दिला होता. त्यांच्या घरी आले होते तेही आपलं नाव सुरक्षित आहे ना, हे चाचपायला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी मी संस्थेला पत्र दिलं. डिस्कचं काम मी कुणाला न सांगता कामाच्या वेळेत लावलं, मशीन 'वाढवा' असं मी फोनवर सांगितलं, कामाची वेळ आहे, मास्तर आत आहेत असं अप्पांनी दोनदा सुचवलं तरी मी 'करू द्या' म्हणाले, चूक माझी. आवक विभागात शिक्का मारून पोच घेतली, मगच सचिवांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. मान वर केली.

"मॅडम, डोकं ठिकाणावर हाय का? तुमचं नाव कुणी घेतलंय? म्हातारा गप हाय, तुमी पण गप ऱ्हावा. फाडा हे."

"शिक्का पडलाय साहेब."

थुंकले कुंडीत. मग सगळ्या स्टाफला सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, मॅडम, मशीन उठती का न्हाई ते एकदाचं सगळ्यांसमोर दाखवा. मी नको म्हणाले. ते ऐकेनात. सात-आठ माणसं त्या कोंदट खोलीत माझ्या मागं उभी, आणि मी श्वास रोखून स्टार्ट दाबलं.

तीच चूक आली. आई लेकीला ओळखेना. दप्तर उठलं नाही, पुढंही कधी उठलं नाही.

पण वास आला नाही. म्हणजे मुतारीचा होता, सचिवांच्या तोंडाचा होता. तो वास नव्हता. मी सगळ्यांच्या देखत पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. लोकांना वाटलं बाईला चूक मान्य करवत नाही. मी तशीच पिशवी उचलली आणि जवळजवळ पळत अप्पांच्या घरी गेले. इथं आला नाही, पण तिथं? तीनदा दाबलं होतं मी.

काकू ओट्यावर बसून बेलाची पानं निवडत होत्या. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. पूजेला बसलेत."

"वास?"

"सकाळच्याला आंघोळ करून बसले व्हते, हात हुंगत. मग एकाएकी मनले, पाणी काढ, भस्म काढ. तवापसून बसलेत. उठलेच न्हाईत."

किती वाजता ते मी विचारलं नाही. मी पत्र किती वाजता दिलं ते घड्याळात पाहिलं नव्हतं, आणि आता बसून मिनिटं जुळवायची माझी इच्छा नाही. तासभर मी त्या ओट्यावर बसून होते.

अप्पा बाहेर आले तेव्हा कपाळावर तिन्ही पट्टे होते. मी पत्राचं सांगितलं. आणि तेही सांगितलं की मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं, तरी मी नऊ दिवस गप्प होते आणि त्यांच्याविरुद्ध लिहूनही दिलं. त्यांनी मान हलवली.

"म्हाईत हुतं ताई. रोज धा येळा फोन करणाऱ्या तुमी. त्या दिवसानंतर एक फोन न्हाई तुमचा. तवाच समजलं."

एवढंच. रागावले नाहीत, आणि असू द्या, असंही म्हणाले नाहीत.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. अप्पांना कामावर परत घेतलं. कागदावर लिहिलं 'तांत्रिक कारण', माफी कुणी मागितली नाही. निवृत्तीपर्यंतचे दिवस त्यांनी जुन्या कागदी रजिस्टरांवरून दप्तर नव्यानं भरण्यात घालवले. तिथलं माझं काम गेलं, आणि ती खोली पुन्हा बघावी लागणार नाही याचा आनंदच आहे.

वासाचं म्हणाल तर माझ्याकडं काहीही उत्तर नाही. एक इंजिनीअर मित्र म्हणाला, अपराधी वाटत होतं म्हणून भास झाला. असेल. पण मग सासूबाईंनी वरण का ओतून दिलं? त्यांना कसला अपराध? आणि पन्नास किलोमीटरवर बसलेल्या माणसानं न बघता अकरा वेळा हात कसे धुतले? मशीन दोन वस्तू जोडते ते तारेनं, नेटनं. एका माणसाच्या तळहाताला ती कशानं जोडली जाते, हे मला सोळा वर्षांत कुणी शिकवलं नाही. भानामती म्हणणार नाही. दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

त्या दिवशी निघताना अप्पांनी मला थांबवलं आणि आतून प्रसादाची खडीसाखर आणली. डाव्या तळहातावर घेऊन आले होते, उजव्या हातानं उचलून माझ्या हातावर ठेवली. आणि मी... मनात काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप वर गेला. तोंडात टाकायच्या आधी मी ती खडीसाखर हुंगली.

अप्पांनी पाहिलं. त्यांची नजर खाली गेली, आणि डाव्या हाताची मूठ आपोआप मिटली. मग हळूच म्हणाले, "खावा. काय न्हाई आता त्याला."

मी खाल्ली. गोड होती, दुसरं काहीच नव्हतं. तोंड वर करायची मात्र माझी हिंमत झाली नाही.